पणजोबांचे ‘ब्रदर्स’ आणि वर्षाची वर्गणी

वंशावळ शोधून देणाऱ्या एका परदेशी संकेतस्थळाची वर्षाची वर्गणी भाच्यानं मला साठीची भेट म्हणून भरून दिली. संकेतस्थळाचं नाव सांगत नाही. तक्रारी बऱ्याच आहेत, आणि या धंद्यातली तीन-चार मोठी दुकानं थोड्याफार फरकानं एकच माल विकतात. ज्यांच्या घरातलं कुणी एके काळी सर्कशीत होतं त्यांनी असली वर्गणी भरावी का, एवढाच माझा विषय. उत्तर आधीच देऊन टाकते: भरायचीच तर एक महिना भरा, वर्ष भरू नका, आणि भरण्याआधी फुकटात मिळतं ते सगळं उपसून घ्या. पाचपैकी अडीच तारे. दोन जुन्या वर्तमानपत्रांचे, अर्धा नकाशाचा. नकाशाचा का, ते पुढे येईल.

माझ्याकडे भांडवल काय होतं? एक फोटो. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, दोन कोपरे कसरीनं खाल्लेले. अंगाला घट्ट बसणाऱ्या कपड्यांतले तिघं उभे आहेत. मधले माझे पणजोबा. आमच्या घराण्याचं नाक लपत नाही. त्यांच्या डावीकडे त्यांच्याहून दांडगा गडी, उजवीकडे दहा-अकरा वर्षांचं पोर. भिंगातून पाहिलं तर तिघांच्या मनगटांना कापडी पट्ट्या गुंडाळलेल्या दिसतात, दांडग्या गड्याच्या जरा जास्तच रुंद. झुल्याला गुडघ्यांनी उलटा लटकून दुसऱ्याला झेलणारा तो, सर्कशीत ज्याला कॅचर म्हणतात तो, हे मला फार उशिरा कळलं. फोटोखाली इंग्रजीत छापलंय ‘अमुक ब्रदर्स’. ते नाव इथे लिहीत नाही, कारण त्याच नावाची दोन मंडळं मला सापडली आहेत आणि आमचं कुठलं याचा निकाल लागलेला नाही. मागच्या बाजूला पेन्सिलीनं मोडीत दीड ओळ.

घरात सगळे सांगत आले की पणजोबा आणि त्यांचे दोघे भाऊ झुल्यावर काम करायचे. आणि नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत मात्र पणजोबा एकुलते एक. आता वही खोटी म्हणायची की फोटो? मी एकतीस वर्षं नोकरीत नोंदी ताडून पाहण्याचंच काम केलं. दोन कागद जुळले नाहीत की मला अजूनही जेवण गोड लागत नाही.

पण थेट पणजोबांना शोधायला बसले नाही. नवा तराजू घेतला की आधी त्यावर ठाऊक असलेलं वजन ठेवून बघावं. म्हणून ज्यांची हकीकत जगजाहीर आहे अशी सर्कशीतली माणसं आधी शोधखिडकीत टाकली.

पहिला फिलिप ॲस्टली. १७६८ मध्ये लंडनमध्ये त्यानं घोड्यांचे खेळ सुरू केले, आणि रिंगणाचा जो ४२ फुटांचा व्यास त्यानं पुढे ठरवला तो आजही चालतो. एवढा मोठा माणूस, पण अठराव्या शतकातल्या वर्तमानपत्रांत त्याचं नाव टाकलं तर हाती जेमतेमच लागलं. कारण साधं आहे. त्या काळच्या छपाईत ‘एस’ अक्षराचा एक लांब वळणाचा साचा वापरत, तो यंत्राला ‘एफ’ वाटतो. मी ‘ॲफ्टली’ असं टाइप केलं आणि जाहिरातींचा ढीग पडला. ही युक्ती संकेतस्थळाच्या मदतपानावर कुठेही नाही. जुनी छपाई वाचणाऱ्या यंत्राची अशी आणखी एक खोड म्हणजे ‘सी’ आणि ‘ई’ची गल्लत. पुसट पानांवर ‘सर्कस’ या शब्दाचंच स्पेलिंग चुकीचं वाचलेलं असतं, म्हणून मी दोन्ही ‘सीं’च्या जागी एकेकदा ‘ई’ घालूनही शोधते. वेड्यासारखं दिसतं, पण माझे निम्मे कागद असेच मिळाले.

दुसरा पाब्लो फँक. इंग्लंडमधला पहिला कृष्णवर्णीय सर्कसमालक. नाव ऐकून वाटावं स्पेनचा असेल, पण हा नॉरिचचा विल्यम डार्बी. विल्यम बॅटी नावाच्या सर्कसवाल्याकडे उमेदवारी करून वर आला, १८७१ मध्ये वारला. त्याचं जन्मवर्ष कुठे १७९६ सापडतं, कुठे १८१०. चौदा वर्षांचा फरक! संकेतस्थळावर लोकांनी बनवलेल्या वंशवृक्षांत दोन्ही वर्षं बिनधास्त नांदतात. मी पाब्लो टाकला की विल्यम येत नाही, विल्यम टाकला की पाब्लो येत नाही. ‘दुसरं नाव’ लिहायची एक चौकट आहे खरी, पण शोध घेताना यंत्र तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. सर्कशीतल्या माणसांच्या बाबतीत हा दोष बारीकसारीक नाही. १८७७ मध्ये लंडनमध्ये तोफेतून उडणारी झाझेल म्हणजे रोझा रिश्टर. तिला तोफेत बसवणारा फारिनी म्हणजे कॅनडाचा विल्यम हंट. आणि १८७० च्या दशकात लोकांना वेड लावणारी सुंदर लुलू म्हणजे त्याच फारिनीनं दत्तक घेतलेला मुलगा, सॅम्युएल वॉसगेट. एकाच मंडळात तिघं, एकाचंही नाव खरं नाही, आणि लुलूच्या बाबतीत तर बाईही खरी नाही. ज्याला वंशवृक्षात ‘स्त्री की पुरुष’ हा गोल काळा केल्याशिवाय पुढे जाता येत नाही, त्यानं काय करावं?

तिसरे आपले दामू धोत्रे. १९०२ मध्ये पुण्यात जन्मले, वाघ-बिबट्यांचे शिक्षक म्हणून नाव काढलं, आणि १९४० मध्ये आल्फ्रेड कूर या फ्रेंच शिक्षकाच्या ताफ्याबरोबर अमेरिकेत रिंगलिंगच्या सर्कशीत गेले. इथे मात्र संकेतस्थळाला पैकीच्या पैकी मार्क. अमेरिकन वर्तमानपत्रांत ‘दामू’ डबल ओनं लिहून शोधलं आणि बातम्यांवर बातम्या आल्या. मी दुपारचा चहा विसरले. पण लक्षात घ्या, ही किमया अमेरिकन वर्तमानपत्रांची. धोत्र्यांच्या पुण्यातल्या बालपणाबद्दल विचारलं तर शोधखिडकी गप्प. (रिंगलिंग हेसुद्धा मूळचं नाव नव्हे बरं का. बाप जर्मनीतून आलेला, चामड्याचं काम करणारा, ऑगस्ट र्‍युंगेलिंग. पोरांनी १८८४ मध्ये बाराबू गावातून सर्कस काढली.)

एवढं झाल्यावर पणजोबांकडे वळले. आता संकेतस्थळ कसं वागतं ते सांगते, कारण वर्गणी भरणाऱ्याला हेच रोज सोसायचं असतं.

तुम्ही एक नाव भरलं की हिरवी पानं डोलायला लागतात. प्रत्येक पान म्हणजे एक इशारा: हा तुमचाच माणूस असावा. पणजोबांच्या नावाला पहिल्या आठवड्यात बावीस पानं फुटली. त्यांतली एकोणीस दुसऱ्याच माणसांची, दोन एकाच माणसाची, आणि एक कुणा बाईची. मी फोटोवरून ‘ब्रदर्स’ हे आडनाव भरून पाहिलं तर यंत्रानं मंडळाचं नाव हेच घराणं धरलं आणि परदेशातलं एक अख्खं कुटुंब, आईबापांसकट, आमच्या झाडाला चिकटवायला निघालं. एक बटण दाबलं असतं तर पणजोबांचे वडील एक आयरिश खाटीक झाले असते. भाचा म्हणाला, “मावशी, दाबून टाक ना, निदान झाड भरलेलं दिसेल.” हीच गोम आहे. बहुतेक लोक दाबून टाकतात, मग तेच झाड दुसऱ्याला इशारा म्हणून दिसतं, आणि तो तिसऱ्याला दाखवतो. चूक वर्षानुवर्षं व्याजानं वाढते.

सर्कशीतल्या घराण्यांना ‘ब्रदर्स’ हा शब्द किती सैल लागायचा याची या यंत्राला कल्पनाच नाही. झुल्यावरची तिघं भाऊ म्हणून जाहिरातीत शोभतात, म्हणून भाऊ. शिकाऊ पोराला उस्तादाचं नाव मिळायचं, दत्तकाला मालकाचं, जावयाला सासऱ्याचं, कारण जाहिरातीचे फलक त्याच नावाचे रंगवलेले असायचे. कापडी फलक पुन्हा रंगवणं महागात पडतं, जावई बदलणं स्वस्तात.

आता तो अर्ध्या ताऱ्याचा नकाशा. या सोयीत माणसाच्या आयुष्यातल्या नोंदी नकाशावर टिंबांनी दिसतात आणि टिंबं रेषांनी जोडली जातात. चाचणी म्हणून मी इंग्लंडमधल्या एका फिरत्या सर्कसकुटुंबाच्या पाच मुलांचे जन्म भरले. तिथे १८३७ पासून जन्माची सरकारी नोंद आहे आणि ती ज्या हद्दीत मूल जन्मलं तिथेच व्हावी लागते, म्हणून पाच मुलं पाच जिल्ह्यांत. यंत्रानं लगेच लाल पट्टी टाकली: ‘या कुटुंबाच्या माहितीत चूक असण्याची शक्यता आहे. भावंडांच्या जन्मस्थळांत फार अंतर आहे.’ मी मोठ्यानं हसले. त्या पट्टीकडे दुर्लक्ष करून टिंबं तारखेप्रमाणे लावली तर सर्कशीचा उन्हाळी दौरा डोळ्यांसमोर आला: मार्चमध्ये दक्षिणेला, जूनमध्ये वर, ऑक्टोबरात परत खाली. ज्याला यंत्र चूक म्हणत होतं तोच पुरावा होता. अर्धा तारा त्याचा, यंत्रानं नकळत दिलेला.

ज्यांचे पूर्वज इंग्लंडात फिरत होते त्यांच्यासाठी एक गोष्ट इथेच सांगते. तिथली जनगणना १८४१ पासून दर दहा वर्षांनी नावानिशी मिळते, पण सर्कसवाले घरांच्या यादीत शोधू नका. गाड्यांत आणि तंबूंत झोपलेली माणसं प्रगणकानं बहुतेक वहीच्या शेवटी टाकलेली असतात. धंद्याच्या रकान्यात ‘सर्कस’ हा शब्द असेलच असं नाही. ‘अश्वारोही’, ‘विनोदवीर’, ‘कलाकार’, नुसतं ‘फिरता’, असं काहीही असतं. १९३१ ची वही १९४२ मध्ये आगीत गेली आणि १९४१ ची जनगणना झालीच नाही, तेव्हा १९२१ नंतर मोठा खड्डा आहे. अमेरिकेची १८९० ची जनगणनाही आगीनंच खाल्ली. आणि आपल्याकडे घरोघरचे जनगणनेचे कागद असे बघायला मिळत नाहीत, मग वर्गणी कितीही मोठी भरा.

इथेच माझी मोठी तक्रार. वर्गणी घेताना जाहिरातीत ‘भारतातल्या कोट्यवधी नोंदी’ लिहिलं होतं. त्या नोंदी उघडल्या की बहुतेक गोरे साहेब, त्यांच्या मडमा, चर्चमधले बाप्तिस्मे आणि दफनं. पणजोबांसारखा माणूस त्यात यायचा तर त्याला आधी मरून ख्रिस्ती दफनभूमीत जावं लागलं असतं. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० मध्ये मुंबईत आपल्या माणसांची पहिली सर्कस उभी केली, इटलीच्या कियारिनीची सर्कस पाहून. पुढे देवल आले, कार्लेकर आले, बंगालात प्रियनाथ बोस आले. एवढ्या तंबूंतल्या शेकडो माणसांपैकी या ‘कोट्यवधीं’त मला एकही सापडला नाही. छत्रे हे नाव मी एच एकदा घालून, दोनदा घालून, टी एक करून, दोन करून, सगळ्या तऱ्हांनी टाकलं. इंग्रजी वर्तमानपत्रांत मालकांच्या नावाआधी ‘प्रोफेसर’ लावलेलं असायचं, तेव्हा ‘प्रोफेसर’ आणि ‘सर्कस’ असे दोनच शब्द टाकले की जास्त मिळतं, हे मला आठव्या महिन्यात उमगलं. कियारिनीचंही तसंच. उच्चार ‘की’चा म्हणून मनात ‘के’ धरतो आणि चुकतो, स्पेलिंग मात्र ‘सीएच’नं आहे.

मग हाती काय लागलं? वर्तमानपत्रांच्या शोधातून दोन जाहिराती. एका बंदराच्या शहरातलं इंग्रजी वर्तमानपत्र, पहिल्या पानावर जहाजांच्या वेळापत्रकाला लागून बोटभर रुंद चौकट. चित्र मोठं केलं की शाईचे ठिपके बटणांएवढे होतात आणि अक्षरं विरघळतात, लहान केलं की वाचता येत नाही. मधलं एक माप सापडेपर्यंत मी चष्मा दोनदा पुसला. आमच्या ‘ब्रदर्स’चं नाव, ‘हवेतले वीर’ अशा अर्थाचं विशेषण, आणि शेवटी लहान टाइपात: सोबत धाकटे बंधू मास्टर अमुक, वय वर्षे दहा.

दुसरी जाहिरात बरोबर चार वर्षांनंतरची. तेच ब्रदर्स, तेच विशेषण, फक्त तंबू दुसऱ्या मालकाचा. सोबत धाकटे बंधू मास्टर अमुक. वय वर्षे दहा.

मी उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. चार वर्षांत पोर एका दिवसानं मोठं झालं नव्हतं. म्हणजे ‘धाकटा भाऊ’ ही सर्कशीतली एक जागा होती, कारकुनाची किंवा शिपायाची असते तशी. पोर वाढलं, वजनदार झालं, झेलणाऱ्याच्या हातांना जड व्हायला लागलं की नवं पोर, तेच नाव, तेच वय. मग फोटोतलं पोर यांतलं कितवं?

हा शोध वर्गणीनं लावून दिला, ते कबूल. दोन तारे त्याचेच. पण न्यायाची गोष्ट अशी की यानंतरचं जवळजवळ सगळं मला फुकटात मिळालं.

सिंगापूरच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची जुनी वर्तमानपत्रं, ‘स्ट्रेट्स टाइम्स’ १८४५ पासून, घरबसल्या वाचता येतात. पूर्वेकडे जाणाऱ्या सर्कशी सिंगापूर टाळत नसत. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं ‘ट्रोव्ह’ तर फार प्रेमळ; तिथे यंत्रानं चुकीचं वाचलेलं वाक्य वाचकाला दुरुस्त करता येतं. मी रात्री झोप येईना की सर्कशीच्या जाहिरातींमधल्या चुका दुरुस्त करत बसते. न्यूझीलंडचं ‘पेपर्स पास्ट’ही फुकट, आणि कियारिनी तिथे भरपूर भेटतो. अमेरिकेचं ‘न्यूयॉर्क क्लिपर’, १८५३ ते १९२४, हे तमाशगीर, मल्ल आणि सर्कसवाल्यांचं वर्तमानपत्र इलिनॉय विद्यापीठानं खुलं ठेवलंय. ‘बिलबोर्ड’ आज गाण्यांसाठी ओळखतात, पण १८९४ मध्ये ते निघालं भिंतींवर जाहिराती चिकटवणाऱ्यांसाठी. फिरत्या कलावंतांची पत्रं त्याच्या कचेरीत यायची आणि कुणाकुणाचं पत्र पडून आहे त्याची नावं अंकात छापायचे. या याद्या सोन्यासारख्या आहेत. जाहिरातीत माणूस कुणीही असो, आईनं पत्र पाठवलं की पाकिटावर बहुधा खरं नाव.

ब्रिटनमधल्या कलावंतांसाठी ‘द एरा’ हे १८३८ ते १९३९ पर्यंतचं साप्ताहिक. त्यात कलावंत स्वतःच जाहिरात देत: अमुक तारखेपासून मोकळे आहोत, पत्ता हा. फक्त हे बहुतेक वर्गणीच्या कुंपणात आहे, आणि माझा एका महिन्याचा सल्ला मुख्यतः याच्यासाठी. एक महिना घ्या, आधी यादी करून बसा, दिवसरात्र उतरवून घ्या, निघा. शेफील्ड विद्यापीठात जत्रा आणि सर्कशींचा राष्ट्रीय संग्रह आहे, बाराबूला रिंगलिंगांच्या हिवाळी तळाच्या जागेवर संग्रहालय आणि त्याचं ग्रंथालय आहे. अमेरिकन सर्कशींची दरसालची ‘रूट बुकं’, म्हणजे कुठल्या तारखेला कुठला मुक्काम आणि तंबूवर कोण कोण होतं त्याची छापील पुस्तकं, त्यांतली बरीच जाळ्यावर फुकट चढलीत. दौऱ्याची तारीख हातात आली की मग त्या गावचं वर्तमानपत्र आणि त्या गावची जन्म-मृत्यूची नोंद, असा उलटा प्रवास करायचा. गावावरून माणूस शोधणं सर्कशीत चालत नाही, माणसाच्या तारखेवरून गाव शोधावं लागतं. यातलं एक अक्षरही त्या संकेतस्थळानं शिकवलं नाही.

आणि काही माणसं कशानंच मिळत नाहीत. १९१८ मध्ये अमेरिकेत हॅमंडजवळ हेगनबेक-वॉलेस सर्कशीच्या आगगाडीला मागून दुसरी आगगाडी धडकली, ८६ माणसं गेली. शिकागोजवळ त्यांतल्या अनेकांना एका जागी पुरलंय. काही दगडांवर ‘बाल्डी’, एकावर ‘चार घोडी हाकणारा’, कितीतरींवर नुसतं ‘अनोळखी पुरुष’. तंबूवर हलकी कामं करणारे पुष्कळ जण नुकतेच लागलेले, कुणाला त्यांची नावंसुद्धा ठाऊक नव्हती. पणजोबांचा निदान फोटो आहे.

डीएनएच्या डबीबद्दल विचाराल तर ती वेगळे पैसे भरून घ्यायची असते. मी घेतली नाही. ‘ब्रदर्स’मधला भाऊपणा थुंकीत सापडणार नाही, एवढं दोन जाहिरातींनी शिकवलं होतं.

मदतवाहिनीचा अनुभव एवढाच की माणसं अतिशय गोड बोलतात. मी विचारलं, दोन माणसं जाहिरातीत भाऊ, रक्तानं कुणी नाहीत, पण एकत्र काम करत होती, त्यांना वंशवृक्षात कुठे लावू? पलीकडच्या मुलीनं सांगितलं, मॅडम, नात्याच्या यादीत सख्खे, सावत्र, दत्तक, पाळलेले, आणि ‘अज्ञात’ एवढेच पर्याय आहेत, तुम्ही अज्ञात निवडा. आता जो माणूस रोज दोन खेळांत चाळीस फुटांवर उलटा लटकून माझ्या पणजोबांची मनगटं धरत होता, आणि ज्याचा हात एकदा जरी निसटता तरी ना माझे आजोबा असते ना मी हे टाइप करत असते, त्याला मी अज्ञात म्हणू? शेवटी त्याला टिपणांच्या चौकटीत लिहिला. तिथेही अक्षरांची मर्यादा आहे.

तो दांडगा गडी कोण ते मात्र कळलं, आणि तेही संकेतस्थळाकडून नाही. मोडी शिकवणारे एक वयस्क गृहस्थ मिळाले, फोटो पालथा करून त्यांनी खिडकीच्या उजेडात तिरका धरला. पेन्सिलीच्या खुणा तिरक्या उजेडात उमटतात, हे मला नोकरीतही कुणी शिकवलं नव्हतं. पहिली ओळ त्यांनी सरळ वाचली: “दादा तेलीचेरीचा, पोर नवे.”

तेलीचेरी म्हणजे केरळातलं तलश्शेरी. तिथे कीलेरी कुन्हिकण्णन यांनी १९०१ मध्ये सर्कसची शाळा काढली आणि तिथले कसरतपटू साऱ्या देशाच्या तंबूंत पोचले. म्हणजे आमच्या घरात ज्यांना मोठे आजोबा म्हणत आले, ज्यांचं नाव पितरांच्या यादीत नाही म्हणून माझी आजी हळहळायची, ते मलबारचे. मराठी बोलत असतील का? पणजोबांनी त्यांना ‘दादा’ म्हटलंय. वही खोटी नव्हती, आणि फोटोही नाही. नाव मात्र अजून नाही.

तर वर्गणी घेणाऱ्यांसाठी शेवटचं व्यवहाराचं. ती वर्षाच्या शेवटी आपोआप पुढे चालू होते आणि पैसे कापले जातात; बंद करायचं बटण तिसऱ्या पानावर, राखाडी रंगात, तळाशी आहे. आठवडाभर आधीच बंद करा, मुदत संपेपर्यंत वापरता येतं. झाड उतरवून घ्यायचं असेल तर गेडकॉम नावाच्या फाइलीत मिळतं, पण चिकटवलेल्या वर्तमानपत्रांची चित्रं त्यात येत नाहीत, ती एकेक करून वेगळी साठवावी लागतात. माझी एकशे चाळीस होती, दोन दिवस गेले. मी बंद केलं. भाच्याला सांगितलंय, पुढच्या वाढदिवसाला पुठ्ठा न खाणाऱ्या कागदाचा अल्बम दे.

मोडीतली उरलेली अर्धी ओळ घासलेली आहे. गृहस्थ म्हणाले, पहिलं अक्षर ‘क’ असावं, किंवा ‘फ’. गुरुवारी सकाळच्या उन्हात पुन्हा बसायचं ठरलंय, या खेपेला भिंग माझं नेणार आहे.